नोंदवही वाचणारी सिस्टर
सार्वजनिक आरोग्य परिचर्येत नेतृत्वापर्यंत कसे पोहोचावे?

बेलपाडा परिसरात काम करणाऱ्या परिचारिकेच्या वाट्याला एकाच दिवशी तीन वेगळी गावे येतात. गावठाणातली जुनी घरे आणि त्यांना लागून वाढलेल्या भाड्याच्या खोल्या हे पहिले गाव. खारघरच्या सेक्टरांमधल्या उंच सोसायट्या हे दुसरे, तिथे फाटकावर रखवालदाराला नाव-गाव सांगितल्याशिवाय आत जाता येत नाही. तिसरे बांधकामाच्या साईटवरचे पत्र्याच्या खोल्यांचे गाव. ते प्लास्टरचे काम संपले की उठते आणि दुसऱ्या साईटवर जाऊन वसते. 17 नोव्हेंबर 2023 पासून बेलपाड्याला स्वतःचे मेट्रो स्थानक आहे. रस्ते आणि इमारती झपाट्याने वाढल्या, आणि त्याच वेगाने आरोग्य यंत्रणेवरचा भारही वाढला.

हा परिसर ज्या पनवेल महानगरपालिकेत येतो, ती 1 ऑक्टोबर 2016 ला अस्तित्वात आली. इतक्या तरुण महापालिकेत पदे, पद्धती आणि सवयी अजून घडत असतात. त्यामुळे इथे काम करणाऱ्या परिचारिकेला व्यवस्था घडवण्यात हातभार लावण्याची संधी आहे. आरोग्य सेविका, अधिपरिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करणाऱ्या किंवा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात असलेल्या, आणि पुढे जबाबदारीच्या जागेवर बसण्याची इच्छा असलेल्या सगळ्यांसाठी हा लेख आहे.

मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्या क्षेत्रात नोंदवही भरणाऱ्या पुष्कळ आहेत, पण ती वाचणाऱ्या थोड्या. आपणच भरलेल्या आकड्यांना जी प्रश्न विचारते, उत्तर शोधायला वस्तीत जाते आणि सापडलेले उत्तर वरिष्ठांपुढे कागदावर मांडते, तिच्याकडे नेतृत्व आपसूक येते. खुर्ची त्यानंतर मिळते. काहींना उशिरा मिळते, पण तयारी खुर्चीच्या आधीच सुरू करावी लागते.

आधी शिडी नीट समजून घ्या

महाराष्ट्रात परिचारिकेपुढे ढोबळमानाने चार वाटा आहेत. पहिली क्षेत्रकामाची: आरोग्य सेविका म्हणजे एएनएम, मग आरोग्य सहाय्यिका म्हणजे एलएचव्ही, आणि पुढे सार्वजनिक आरोग्य परिचारिका व जिल्हा पातळीवरची पर्यवेक्षणाची पदे. दुसरी रुग्णालयाची: अधिपरिचारिका, परिसेविका, सहाय्यक अधिसेविका, अधिसेविका. तिसरी शिकवण्याची: पाठ्यनिर्देशिकेपासून प्राचार्यांपर्यंत. चौथी राष्ट्रीय आरोग्य अभियानातली, जिथे बहुतेक पदे कंत्राटी असतात, पण कार्यक्रम व्यवस्थापनाचा अनुभव लवकर मिळतो.

या वाटा एकमेकींना छेदतात. रुग्णालयात दहा वर्षे काढलेली सिस्टर सार्वजनिक आरोग्यात येते, तेव्हा संसर्ग नियंत्रणाची शिस्त सोबत आणते. क्षेत्रात फिरलेली सेविका अध्यापनात गेली, तर विद्यार्थिनींना पुस्तकाबाहेरची वस्ती दाखवते. म्हणून चुकीच्या वाटेवर आलो असे वाटून हताश होऊ नका.

मात्र कागदपत्रांत ढिलाई नको. जिल्हा परिषद, राज्याचा आरोग्य विभाग आणि महापालिका यांचे सेवाप्रवेश नियम वेगवेगळे असतात. तुम्ही ज्या संस्थेत आहात तिचे नियम मिळवून स्वतः वाचा. वरच्या पदाला कोणती अर्हता लागते, किती वर्षांची सेवा लागते, किती जागा पदोन्नतीने आणि किती सरळसेवेने भरतात, हे पाठ असू द्या. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की आपले नाव, रुजू झाल्याची तारीख आणि प्रवर्ग तपासा. चूक असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्या. सेवापुस्तकात प्रत्येक प्रशिक्षणाची नोंद होते का, हे वर्षातून एकदा पाहा. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडची नोंदणी आणि तिचे नूतनीकरण वेळेवर करा, सतत परिचर्या शिक्षणाची म्हणजे सीएनईची प्रमाणपत्रे एका फायलीत ठेवा. चांगले काम केलेल्या कितीतरी जणींची पदोन्नती निव्वळ एका कागदाअभावी अडकते.

शिक्षण: कोणती पायरी केव्हा?

एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. एएनएम झालेल्या सेविकेला पुढे जायचे असेल, तर जीएनएमचे दार उघडे असते; जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. त्यापुढे दोन वर्षांचे एम.एस्सी. नर्सिंग. नेतृत्वाचा विचार करणाऱ्यांनी त्यात सामुदायिक आरोग्य परिचर्या हा विषय जरूर विचारात घ्यावा. आपल्या राज्यात यांतले पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुतांशी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांत चालतात. बेलपाड्याहून कामोठे, नेरूळ ही नर्सिंग शिक्षणाची ठिकाणे रोजच्या प्रवासात बसतात.

दुसरा पर्याय सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाचा. देवनारच्या टाटा समाज विज्ञान संस्थेत असे अभ्यासक्रम चालतात. खारघरहून हार्बर मार्गाने गोवंडी गाठता येते. तिथे डॉक्टर, समाजकार्यकर्ते, सांख्यिकीचे विद्यार्थी अशा मिश्र वर्गात बसावे लागते. परिचारिकेला त्याचा मोठा फायदा होतो, कारण पुढे बैठकांमध्ये याच लोकांसमोर आपले म्हणणे मांडायचे असते.

पदवी घेण्याआधी निदान दोन वर्षे क्षेत्रात काढा, असा माझा आग्रह आहे. वस्ती पाहिलेल्या विद्यार्थिनीला साथरोगशास्त्राचे प्रत्येक प्रकरण ओळखीचे वाटते. घर-संसार, पाळ्या आणि शिक्षण एकत्र सांभाळणे कठीण असते. म्हणून अभ्यासरजा, सेवांतर्गत कोटा, ना हरकत प्रमाणपत्र यांची चौकशी प्रवेशाच्या आदल्या वर्षीच करा.

नोंदवही कशी वाचायची?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाची रचना 2013 पासूनची. साधारण 50,000 लोकसंख्येला एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, 10,000 ला एक आरोग्य सेविका आणि 200 ते 500 घरांमागे एक आशा असा त्याचा हिशोब. म्हणजे एका सेविकेच्या हातात दहा हजार माणसांच्या आरोग्याचा लेखाजोखा असतो. गरोदर माता, बालके, क्षयरुग्ण, मधुमेही या सगळ्यांची नावे तिच्याकडे असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या भागात 16 ते 24 महिन्यांची 40 बालके आहेत. त्यांतल्या 28 जणांना गोवर-रुबेलाचा दुसरा डोस मिळाला, 12 राहिली. मासिक अहवालात 70 टक्के लिहून विषय संपतो. गोवर रोखायला मात्र दोन्ही डोसांचे प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास लागते. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, तेव्हा राहून गेलेल्या डोसांची किंमत सगळ्यांना कळली.

आता त्या 12 नावांचे पत्ते वाचा. समजा, 8 पत्ते एकाच साईटचे निघाले. पहिल्या डोसाच्या वेळी ही मुले तिथे होती, दुसऱ्याच्या वेळी नाहीत. आशाताईंना सोबत घेऊन साईटवर जा. मुकादमाला विचारा, "दादा, मागच्या होळीला इथे होती ती मंडळी कुठे गेली?" बहुतेक वेळा तो सांगतो: काम संपले, दोन सेक्टर पलीकडे नव्या इमारतीवर गेली. म्हणजे पालकांनी लस नाकारली नव्हती. कुटुंब हलले, आणि त्यांचे नाव आपल्या यादीत तिथेच राहिले. उरलेल्या चारांची कारणे वेगळी असतील. एकाला ताप होता, एक आजोळी गेले, एकाने खाजगी दवाखान्यात डोस घेतला पण कार्डावर नोंद नाही, आणि एकाची आई खरोखर घाबरलेली आहे. 12 मुलांमागे पाच कारणे निघाली, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. घाबरलेल्या आईला वेळ देऊन समजावावे लागते, हललेल्या कुटुंबाला शोधावे लागते, खाजगीत घेतलेल्या डोसाची नोंद करून घ्यावी लागते. "जनजागृती करावी" असा एकच शेरा मारून हे काम होत नाही.

हीच नजर दुसऱ्या नोंदींनाही लावा. तीस वर्षांवरील व्यक्तींचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह-कर्करोगासारख्या आजारांच्या जोखमीची यादी, आशा घरोघरी भरतात. त्यात चारपेक्षा जास्त गुण आलेल्यांना तपासणीसाठी पाठवायचे असते. पाठवलेल्यांपैकी किती जण खरोखर पोहोचले, हे विचारा. टाटा मेमोरियल केंद्राची अॅक्ट्रेक ही कर्करोगाची मोठी संस्था खारघरमध्येच आहे. पण तोंडात बरा न होणारा चट्टा असलेली बाई तिथपर्यंत जाण्याआधी फॉर्म, संदर्भ चिठ्ठी आणि पाठपुरावा या तीन ठिकाणी गळू शकते. ती कुठे गळते, हे तुमच्याच वहीत लिहिलेले असते.

ही नजर आपल्या व्यवसायाच्या मुळाशीच आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंची आकडेवारी मांडून दाखवली, की जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक मेले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेने 1858 मध्ये त्यांना पहिली स्त्री सदस्य म्हणून निवडले. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत खेड्यातल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी आणि अचूक नोंद शिकवली. तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभर आशा बाळाच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात, त्या पद्धतीमागे हा अनुभव आहे.

सापडलेले एका पानावर मांडा

तोंडी तक्रार बैठकीतल्या चहाबरोबर विरून जाते. लेखी टिपण फायलीत राहते, आणि फायलीवर शेरा द्यावाच लागतो. टिपण एका पानाचे असावे. वरच्या उदाहरणाचे टिपण असे होईल:

विषय: साईटवरील बालकांचा गोवर-रुबेला दुसरा डोस.
स्थिती: पात्र बालके 40, लसीकरण पूर्ण 28, शिल्लक 12, त्यांपैकी 8 एकाच साईटवरून स्थलांतरित.
कारण: सत्र कामाच्या वेळेत असते, कुटुंबे हलतात, नवा पत्ता यादीत येत नाही.
प्रस्ताव: तीन महिने, महिन्यातून एक सत्र कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी साईटवर. मुकादमांचे फोन क्रमांक आशांकडे.
गरज: एक व्हॅक्सिन कॅरिअर, वाहनाची एक फेरी, सेविकेला बदली सुट्टी.
मोजमाप: तीन महिन्यांनी शिल्लक बालकांची संख्या.

यात मागणी लहान आहे, मुदत ठरलेली आहे आणि यश कसे मोजायचे तेही सांगितले आहे. असा प्रस्ताव मंजूर करणे वैद्यकीय अधिकाऱ्यांना सोपे जाते. तीन महिन्यांनी निकाल चांगला आला, तर तोही एका पानावर द्या. कमी आला, तर का कमी आला ते लिहा. खरे आकडे देणारी म्हणून तुमची ओळख झाली, की पुढच्या नियोजनात तुम्हाला बोलावणे येते.

अधिकार नसताना माणसे जोडणे

क्षेत्रात काम करताना कोणीही थेट तुमच्या हुकमतीखाली नसते. आशा मोबदल्यावर काम करतात, अंगणवाडी सेविका दुसऱ्या विभागाच्या, सोसायटीचे सचिव स्वतःला मुखत्यार समजतात आणि ठेकेदाराला कामाची घाई असते. इथे विश्वासच कामाला येतो.

आशांचा विश्वास मिळवायचा सरळ मार्ग असा: त्यांच्या मोबदल्याच्या दाव्यांवर वेळेत सही करा, त्रुटी असेल तर त्याच दिवशी सांगा, आणि चारचौघांत त्यांना कधीही खडसावू नका. आढावा बैठकीत त्यांचे काम त्यांच्या नावाने सांगा. गावठाणात ज्येष्ठ बायका, महिला आरोग्य समिती, गणेशोत्सव मंडळाची तरुण पोरे यांना ओळखा. डासअळ्या शोधायच्या मोहिमेत हेच लोक गच्चीवरच्या टाक्या दाखवतात. सोसायटीत जाण्याआधी समितीला दोन ओळींचे पत्र द्या. ठेकेदाराला दंडाची भीती घालण्याआधी त्याचा फायदा सांगा: साचलेले पाणी काढले तर मलेरिया-डेंग्यूने मजूर आजारी पडून काम थांबणार नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये काम सुरू केले. गावातल्या, बहुतांशी अल्पशिक्षित आणि दलित-वंचित घरांतल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परिचारिकेने जामखेडकडून घ्यायचा धडा असा, की आपल्याला येते ते दुसऱ्या बाईला शिकवून तिला पुढे करणे हाच नेतृत्वाचा सर्वांत टिकाऊ भाग आहे. तुमच्या हाताखाली तयार झालेल्या दोन आशा पुढे गटप्रवर्तक झाल्या, तर ती तुमचीही बढती समजा.

आपत्तीत पुढे उभे राहण्याची तयारी

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या पुरस्कार सोहळ्यात लोकांना उष्माघाताचा त्रास झाला आणि 14 जण दगावल्याचे सरकारने सांगितले. त्याच वर्षी 19 जुलैच्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. रायगड जिल्ह्यात काम करणाऱ्या परिचारिकेने या दोन तारखा विसरू नयेत.

अशा वेळी औषधांइतकेच महत्त्व आधी करून ठेवलेल्या याद्यांना असते. कोणत्या घरात नवव्या महिन्यातली गरोदर बाई आहे? इन्सुलिन कोणाला लागते, डायलिसिस कोणाचे चालू आहे, क्षयरोगाच्या गोळ्या कोणाच्या बुडता कामा नयेत? खारघरच्या डोंगरावरच्या फणसवाडी, चाफेवाडीसारख्या पाड्यांवरून पावसात खाली यायला किती वेळ लागतो? ही यादी पावसाळ्याआधी अद्ययावत करून तिची छापील प्रत केंद्रात ठेवा, कारण संकटात नेटवर्क आधी जाते. मोठा मेळावा ठरला, की पाणी, सावली, ओआरएस, उपचारासाठी थंड जागा आणि रुग्णवाहिकेचा मोकळा रस्ता यांबद्दल लेखी सूचना द्या. तुमची सूचना मानली जाईल की नाही हे तुमच्या हातात नसते, पण ती वेळेत आणि लेखी देणे तुमच्या हातात असते.

स्वतःचा आवाज आणि स्वतःची काळजी

परिचारिकेच्या कामाला समाजात मान मिळावा म्हणून आपल्या आधीच्या पिढ्यांनी मोठी झुंज दिली आहे. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले, आणि विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवले. त्या काळी परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावणाऱ्या बाईबद्दल लोक काय बोलत असतील याची कल्पना करा. त्या मुली शिकल्या, म्हणून आज आपल्या लेकी निर्धास्तपणे नर्सिंगला जातात.

त्या मानाला आता अधिकाराची जोड हवी. आरोग्याच्या बैठकांमध्ये परिचारिका हजर असतात, पण विषयपत्रिकेवर त्यांचे नाव क्वचितच असते. हे बदलायला भारतीय प्रशिक्षित परिचारिका संघटना, जिचा इतिहास 1908 पर्यंत मागे जातो, किंवा तुमच्या संस्थेतली कर्मचारी संघटना, यांत भाग घ्या. 2023 च्या राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोग कायद्याने व्यवसायाच्या नियमनाची घडी बदलते आहे. तो कायदा वाचा, त्यावर आपल्या गटात चर्चा घडवा.

स्वतःकडे दुर्लक्ष मात्र करू नका. उन्हातान्हात फिरताना पाणी, टोपी, बंद चपला. हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस. सायंकाळनंतर अनोळखी वस्तीत एकटीने न जाणे. हे नियम स्वतःला आणि आपल्या चमूला लावून घ्या. कामाच्या जागी त्रास झाला, तर अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार करण्याचा हक्क 2013 च्या कायद्याने दिलेला आहे. तो आपल्या आशांनाही सांगा. आपल्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी जी बोलते, तिच्यामागे माणसे उभी राहतात.

पुढची वर्षे कशी आखाल?

पहिल्या वर्षी आपल्या भागाचा हाताने नकाशा काढा. गावठाण, चाळी, सोसायट्या, साईट, अंगणवाड्या, खाजगी दवाखाने, पाणी साचणाऱ्या जागा त्यावर दाखवा. एक नोंदवही निवडा आणि वर सांगितल्याप्रमाणे वाचा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक लहान सुधारणा टिपणासह पूर्ण करून दाखवा, स्प्रेडशीटवर काम करायला शिका, आणि नव्याने रुजू झालेल्या सेविकेला हाताशी धरून शिकवा. पाचव्या वर्षापर्यंत पुढच्या पदवीचा निर्णय घ्या. त्यानंतर पर्यवेक्षण, प्रशिक्षण आणि अंदाजपत्रक या तीन कामांत शक्य तिथे हात घाला. अंदाजपत्रक समजले नाही, तर उत्तम प्रस्तावही पैशांअभावी पडून राहतो.

सुरुवात याच महिन्यात करा. पुढच्या आढावा बैठकीआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाच मिनिटे मागून घ्या, आपल्या नोंदवहीतला एक प्रश्न, त्याचे कारण आणि एक उपाय एका पानावर घेऊन जा. दहा हजार माणसांना नावानिशी ओळखणारी बाई निर्णयाच्या टेबलाशी बसली, तर साईटवरच्या मुलाला दुसरा डोस वेळेत मिळेल. ती जागा आपण कामाच्या जोरावर मागायची आहे, आणि मिळाल्यावर आपल्या मागून येणाऱ्या दुसऱ्या सिस्टरसाठी शेजारची खुर्ची राखून ठेवायची आहे.